मिश्र ॲनहायड्राइड: थंडच बनवा, थंडच वापरा

मिश्र ॲनहायड्राइड, म्हणजे दोन वेगवेगळ्या आम्लांचे जोडलेले क्रियाशील संयुग, बाटलीत भरून ठेवायची वस्तू नाही. ज्या फ्लास्कमध्ये ते बनते, त्याच फ्लास्कमध्ये एक-दोन मिनिटांत वापरून टाकायचे. इथे १० मिलिमोलची पेप्टाइड जोडणी घेतली आहे.

वाळवलेल्या फ्लास्कमध्ये नायट्रोजनखाली २.६५ ग्रॅम बॉक-फिनाइलॲलॅनिन (बॉक हा अमाइन झाकणारा गट) ४० मिली कोरड्या टीएचएफ या द्रावकात विरघळवा. १.१० मिली एन-मिथाइलमॉर्फोलिन हा बेस घाला. बर्फ-मिठात −१५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून १.३० मिली आयसोब्युटिल क्लोरोफॉर्मेट थेंबथेंब सोडा. थर्मामीटर द्रावणात बुडालेला हवा. बाथचे तापमान फसवते. क्लोरोफॉर्मेट विषारी असून डोळ्यांतून पाणी काढते, म्हणून सगळे काम फ्यूम हूडमध्येच.

पांढरा साका, म्हणजे बेसचा हायड्रोक्लोराइड, लगेच दिसू लागतो. एक-दोन मिनिटे पुरेत. मग १.४० ग्रॅम ग्लायसिन एथिल एस्टर हायड्रोक्लोराइड आणि आणखी १.१० मिली एन-मिथाइलमॉर्फोलिन १० मिली डीएमएफ या द्रावकात ढवळून, आधीच थंड करून ओता. अर्धा तास थंड, मग दोन तास खोलीच्या तापमानाला. कार्बन डायऑक्साइड सुटतो. फ्लास्क घट्ट बंद करू नका. टीएचएफ उडवून एथिल ॲसिटेट घ्या आणि सायट्रिक आम्ल, बायकार्बोनेट, मिठाचे पाणी या क्रमाने धुवा.

ॲनहायड्राइडला कार्बोनिल (C=O) दोन. क्लोरोफॉर्मेटकडून आलेल्या, म्हणजे कार्बोनेटच्या बाजूचे कार्बोनिल शेजारच्या ऑक्सिजनमुळे मंद असते, म्हणून अमाइन (इथे ग्लायसिन एस्टर) बहुधा अमिनो आम्लाच्या बाजूलाच हल्ला करते. व्हॅलिन, आयसोल्युसिनसारख्या आडदांड आम्लांत मात्र ही बाजू अडते आणि युरेथेन हे नको असलेले उपउत्पादन वाढते. क्लोरोफॉर्मेट जास्त पडले तरी तेच: उरलेले थेट अमाइनला खाते. त्यामुळे आम्ल किंचित जास्त असलेले बरे. ते बायकार्बोनेटमध्ये निघून जाते.

बेस म्हणून ट्रायएथिलअमाइन वापरण्याचा मोह टाळा, रेसमीकरण (रेणूची डावी-उजवी रूपे मिसळणे) वाढते. एन-ॲसिल आम्ले किंवा पेप्टाइड आम्ले तर ऑक्साझोलोन या वलयी मध्यस्थामार्गे सहज रेसमीकृत होतात. बॉक किंवा सीबीझेड (तसाच आणखी एक झाकणारा गट) असलेले एकेरी अमिनो आम्ल तुलनेने सुरक्षित.

याच ॲनहायड्राइडपासून अल्कोहोलही मिळते. साका गाळून टाका, थंड गाळलेल्या द्रावणात ०.५७ ग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड ५ मिली पाण्यात विरघळवून एकदम ओता. हायड्रोजन जोरात उसळतो, तेव्हा फ्लास्क मोठा घ्या आणि आसपास ज्योत नको. एस्टर आणि बॉक गट शाबूत राहतात.