टीएसएचचा रिपोर्ट हृदयाच्या दृष्टीने कसा वाचावा

रक्त सकाळीच द्या, आणि पुढच्या वेळीही साधारण त्याच वेळेला. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारं हार्मोन, दिवसभरात खालीवर होतं. ते वाढलं तर बहुधा थायरॉइड मंद असतं, फार कमी झालं तर जोरात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. नाहीतर बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) जास्त दिसतं, आणि नसलेल्या आजाराची धावपळ सुरू होते.

बहुतेक लॅबची मर्यादा साधारण ०.४ ते ४. आकडा ५-६ आला म्हणून लगेच थायरॉइडची गोळी मागू नका. फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) सह दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पुष्कळदा तो आपोआप खाली येतो. सत्तरीनंतर तर थोडा वाढलेला आकडा वयाचाच भाग असू शकतो. १०च्या वर टिकला तर मात्र हृदयविकाराचा धोका वाढतो. मंद थायरॉइडमुळे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढू शकतं, म्हणून ते वाढलेलं असेल तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू करण्याआधी थायरॉइड बघून घ्यावं.

०.१ च्या खालचा आकडा दुर्लक्षित राहतो, आणि तेच जास्त खटकतं: नाडी अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाल्यानेही आकडा असा खाली जातो. अशा वेळी ईसीजी काढा. डोस डॉक्टरांकडूनच बदलून घ्या.