दुसऱ्याच्या पायांमागे समुद्रात

पोहण्याच्या टँकवर न थांबता दोन-अडीच किलोमीटर होतात आणि आता डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या समुद्रातल्या शर्यतीत नाव द्यायचं डोक्यात आहे, अशांसाठी हे लिहितेय. काखेत आणि मानेला व्हॅसलीन लावायचं, नवा गॉगल शर्यतीच्या दिवशीच पहिल्यांदा घालायचा नाही, हे तुम्हाला माहीत असणारच. मला बोलायचंय ते ड्राफ्टिंगबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या पायांमागे चिकटून पोहण्याबद्दल. माझी पहिली शर्यत त्यातच गेली, आणि आजही विषय निघाला की माझा आवाज चढतो.

ड्राफ्टिंग ही लबाडी नव्हे, हे आधी सांगते. खुल्या पाण्यातल्या शर्यतीत ते चालतं, आणि फायदाही खरा आहे. पुढच्याच्या पायाच्या बोटांपासून अर्ध्या मीटरच्या आत राहिलात तर पाण्याचा अवरोध साधारण २० टक्क्यांनी कमी होतो, असं मोजलेलं आहे. बाजूला, त्याच्या कमरेशी डोकं ठेवून पोहलात तर फार तर ६-७ टक्के. ऑलिंपिकमध्ये खुल्या पाण्यातली १० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली २००८ साली, बीजिंगला. बराच वेळ पुढे राहिलेला ब्रिटनचा डेव्हिड डेव्हिस शेवटी रेषेवरून भरकटला आणि मागे राहून दम राखलेला नेदरलँड्सचा मार्टेन व्हान डर वायडन दीड सेकंदाने जिंकला.

आमच्या टँकवरचे एक काका ही गोष्ट दर रविवारी सांगायचे. त्यातलं ‘मागे राहून’ तेवढं मी उचललं. ‘भरकटला’ कानावरून गेलं.

माझी शर्यत कोकणातल्याच एका किनाऱ्यावर होती, तीन किलोमीटरची. पहिल्या बोयाच्या, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या, आधीच मला एक झकास पाय सापडले. एकसारखी किक, पांढरा फेस, माझ्यापेक्षा किंचित जास्त वेग. मी चिकटले. दम लागेना, हात हलके पडायला लागले, वाटलं, बाई, आपण यासाठीच जन्मलो. पंधरा-वीस मिनिटांनी डाव्या बाजूला एक होडी आली आणि त्यातले मामा ओरडले, “बाय गो, बोयो थंय आसा, तू खंय चललंस?”

बोया खरंच ‘थंय’ होता. खूप मागे, उजवीकडे. पुढचा गडी फक्त उजवीकडे श्वास घेत होता आणि ओहोटीच्या ओढीने डावीकडे सरकत चालला होता. त्याच्यामागे मी, आणि माझ्यामागे आणखी तिघं. आगगाडीच झाली होती, आणि इंजिनालाच रस्ता माहीत नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण वाचताना ‘मी असं करणार नाही’ असंच वाटतं. मलाही वाटलं असतं. ओढ तुम्हाला आणि पुढच्याला सारखीच नेते, त्यामुळे तुमच्या दोघांतलं अंतर बदलत नाही. पाण्यात दुसरं काहीच दिसत नाही, आपल्याकडे तर हात लांबवला की बोटं दिसेनाशी होतात. म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे जे एकमेव जग आहे, ते पाय, ते तिथेच असतं. त्यात दम कमी लागतो, म्हणून शरीरही कुरकुर करत नाही. एकटी असते तर मी आठ-दहा हातांनी मान वर करून बघितलं असतं. ड्राफ्टिंगमध्ये मान वर केली की पाय निसटतात, म्हणून मी बघणंच सोडलं. वीस टक्के वाचवायला गेले आणि तीनाचे जवळजवळ चार किलोमीटर पोहले. त्यात वेळेची मर्यादा संपली आणि बोटीने मला उचललं.

आता मी काय करते? किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरते: जवळ एखादा माड, मागे टॉवर किंवा देवळाचा कळस. किनाऱ्याकडे तोंड असताना माड टॉवरच्या डावीकडे सरकला, तर तुम्ही उजवीकडे वाहताय. हे मला कुठल्याही कोचने नाही, त्या होडीतल्या मामांनी शिकवलं. ज्याच्या नाकात कधी खारं पाणी गेलेलं नाही अशा माणसाकडून समुद्र शिकू नका. आदल्या दिवशी जाऊन मच्छीमारांना विचारा: भरती किती वाजता, उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (छोटी), खाडीच्या तोंडाशी ओढ कशी आहे. पाय कितीही गोड असले तरी दर दहा हातांनी स्वतः बघा. पाय निसटले तर निसटू देत. दुसरे मिळतात.

घाबरवायचा हेतू नाही. कोकणात सकाळी मतलई वारे असतात, किनाऱ्याजवळचं पाणी बहुतेक शांत मिळतं, आणि खाऱ्या पाण्यात शरीर टँकपेक्षा वर राहतं. पहिली दोनशे मीटर छाती धडधडते, ती सगळ्यांचीच धडधडते. पाठीवर व्हा, वीस श्वास घ्या, पुढे चला.

रीतभात थोडीच आहे. पुढच्याच्या पायाला एकदा हात लागला तर कुणी काही म्हणत नाही. दर हाताला गुदगुल्या केल्यात तर लाथ बसेल आणि ती रास्त असेल. नखं कापा. हळू असाल तर सुरुवातीला मागे, कडेला उभे राहा आणि वळणावर बोयाला घासून जायचा हट्ट सोडा. कुणाच्या मागे दहा मिनिटं फुकट पोहलात तर थोडा वेळ पुढे या. नियम नाही, पण मला तरी बरं दिसतं.

झार (जेलीफिश) चावला तर वाळूने घासू नका, गोडं पाणीही ओतू नका; समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. खडकांवर पाय टेकू नका, कालवं ब्लेडसारखी कापतात.

आपल्याकडे थंडीपेक्षा उकाड्याला भ्या. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीत फुजैराला गरम पाण्यातल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा पट्टीचा पोहणारा बुडाला. तो आलेला नाही, हे इतर पोहणारे बाहेर येईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे पाण्याच्या तापमानाला ३१ अंशांची मर्यादा आली. म्हणून चक्कर, मळमळ, अंगावर काटा, काहीही वाटलं की हात वर करा. बाद झालात तर झालात.

आणि अर्ध्यातून बाहेर आलात तर आधी आयोजकांच्या टेबलावर जाऊन आपला नंबर सांगा. मला बोटीने दुसऱ्या टोकाला सोडलं होतं. मी रडत, कुणाशी न बोलता, थेट खोलीवर गेले आणि अंघोळ करून झोपले. उठले तेव्हा लाउडस्पीकरवर माझाच नंबर पुकारत होते, आणि खिडकीतून दिसत होतं, दोन होड्या अजून पाण्यात फिरत होत्या.