वसाहतींमधील गुलामगिरी आणि हवामान : उत्तर लिहिताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींवरची उत्तरे तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटते : ‘दक्षिणेत हवामान उष्ण होते, म्हणून तेथे गुलामगिरी आली.’ गाईडमधून उचललेले हे वाक्य पाठ करायला सोपे असले, तरी चुकीचे आहे. जमीन आणि हवामान यांनी पीक ठरवले. शेतावर कोणाला जुंपायचे, हे मळेवाल्यांनी आणि त्यांच्या कायद्यांनी ठरवले. जॉर्जियाचेच पाहा. लहान शेतकऱ्यांची आणि स्पॅनिश फ्लोरिडाच्या सरहद्दीवर पहारा देणारी वसाहत उभारायची, म्हणून तिच्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये गुलामगिरीवर बंदी घातली. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनातील भाताचा पैसा पाहून वसाहतवाल्यांनी तगादा लावला आणि १७५१ मध्ये बंदी उठली. या सगळ्या काळात, दोन्ही वसाहतींची सीमा असलेल्या सव्हाना नदीच्या दोन्ही काठांवर ऊन सारखेच पडत होते.

‘आफ्रिकी लोकांना उष्णता सोसत असे’ ही दुसरी चूक मला अधिक लागते, कारण ती मळेवाल्यांचीच सबब आहे. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या अनेकांमध्ये हिवतापाविरुद्ध काही अंशी प्रतिकारशक्ती होती, हे खरे. तरीही भातमळ्यांवर त्यांची मुले मोठ्या संख्येने दगावत, आणि मळेवाले मात्र तापाच्या दिवसांत चार्ल्सटन शहर गाठत. शिवाय या आफ्रिकी लोकांतील कित्येक जण भातशेतीच्या प्रदेशांतून आलेले होते. दलदल साफ करून बांध घालणे, भरतीबरोबर नदीत वर चढणारे गोडे पाणी झडप उघडून खाचरात घेणे, ओहोटीला ते सोडणे आणि अखेर भात उखळात कांडून रुंद टोपल्यांतून पाखडणे, या कामात अंगमेहनतीइतकेच ज्ञान लागत असे.

एकदा एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी नकाशा आणला : दक्षिण गडद, उत्तर कोरी. मी तिला उत्तरेतील ऱ्होड आयलंड वसाहतीच्या न्यूपोर्ट बंदरावर बोट ठेवायला सांगितले आणि तेथून रम भरून आफ्रिकेकडे माणसे विकत घ्यायला जाणाऱ्या जहाजांचा मार्ग काढायला लावला. मग न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्येकडील वसाहतींचे, हलक्या प्रतीचे खारवलेले मासे कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांना खाऊ घालण्यासाठी कसे जात, तेही दाखवले. खडकाळ जमीन आणि आखूड उन्हाळा यांमुळे न्यू इंग्लंडमध्ये मोठे मळे उभे राहिले नाहीत, एवढेच भूगोल सांगतो. तेथील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने तर १६४१ मध्येच गुलामगिरीला कायद्यात जागा दिली होती. आठवडाभराने तिने तोच नकाशा समुद्रमार्गांसह पुन्हा काढून आणला.

कापूस वसाहतकाळाचे मुख्य पीक म्हणून लिहू नका. कापसातून सरकी काढण्याचे एली व्हिटनी या अमेरिकी संशोधकाचे यंत्र १७९३ चे, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचे आहे.

मी स्वतः लिहिण्याआधी पीक, वर्ष आणि कायदा यांची नोंद शेजारीशेजारी करतो. घाईत असलेल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण व्हर्जिनियाची नोंद करून पाहावी : तंबाखूची लागवड १६१२ च्या सुमाराची, त्यानंतर कित्येक दशके मळ्यांवर मुख्यतः करारबद्ध इंग्रज मजूर, आणि गुलामगिरीची सविस्तर संहिता १७०५ ची.