पायथनमध्ये डेटाबेसचे एरर: कुठले पकडायचे, कुठले सोडायचे

डेटाबेसचा कोड आला की बरेच जण सगळ्याला मिळून एकच ट्राय लावतात, खाली नुसतं एक्सेप्ट, आत पास, झालं काम. मग होतं काय, युजरला 'सेव्ह झालं' दिसतं, टेबलात रो नाही आणि लॉगमध्ये चिटपाखरूही नाही. आता शोधत बसा.

पायथनच्या बहुतेक डेटाबेस लायब्रऱ्या पेप २४९ (डेटाबेस लायब्रऱ्यांसाठी पायथनने ठरवलेला नमुना) पाळतात, म्हणून एररची नावं सगळीकडे जवळपास सारखीच. रोज भेटणारे तीन. इंटिग्रिटीएरर म्हणजे डेटा नियमात बसत नाही, उदा. तोच ईमेल परत टाकला. ऑपरेशनलएरर म्हणजे कनेक्शन गेलं, लॉक मिळालं नाही असलं काहीतरी. प्रोग्रॅमिंगएरर म्हणजे बहुतेक वेळा क्वेरीच चुकलीय. पकडायचा तोच ज्याच्यावर आपल्याकडे काही इलाज आहे: पहिल्याला युजरला 'हा ईमेल आधीच आहे' सांगता येतं, दुसऱ्याला थोडं थांबून परत ट्राय करता येतं, तिसऱ्याला काहीच करता येत नाही, तो सरळ फुटू द्या, ट्रेसबॅक दिसला तरच दुरुस्त होईल ना.

पण नुसत्या क्लासच्या नावावर जाऊ नका. नसलेल्या टेबलवर क्वेरी मारली तर एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) ऑपरेशनलएरर देतं, आणि पोस्टग्रेसवर (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) सायकोपीजी ही त्याची पायथन लायब्ररी तीच चूक प्रोग्रॅमिंगएररमध्ये टाकतं. म्हणजे एसक्यूलाइटवर 'ऑपरेशनलएरर आला की रिट्राय' असं लिहिलंत तर टेबलच्या नावातल्या टायपोवरही तुमचा कोड इमानेइतबारे रिट्राय करत बसणार. म्हणून एररच्या आतला कोड (नंबर किंवा नाव) बघायचा. पायथन ३.११ पासून एसक्यूलाइटच्या एररवर एररकोड आणि एररनेम दोन्ही मिळतात, सायकोपीजी २ मध्ये पीजीकोड असतो: २३५०५ म्हणजे युनिक मोडलं, २३५०३ म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोशी जोडणारा कॉलम) मोडली, ४०००१ म्हणजे सिरियलायझेशन फेल, म्हणजे एकाच वेळी चाललेली कामं एकमेकांना आडवी गेली, तो रिट्राय करायचाच असतो.

एरर कसा येतो ते आधी स्वतः आणून बघा, डॉक्युमेंटेशन वाचण्यापेक्षा हे बरं. दोन टर्मिनलमध्ये पायथन उघडून एकच एसक्यूलाइट फाइल जोडा, पहिल्यात 'बिगिन इमिजिएट' (लिहिण्याचं लॉक लगेच घेणारी कमांड) चालवून तसंच सोडा, दुसऱ्यात इन्सर्ट मारा. कर्सर पाच सेकंद गप्प बसतो (तो डिफॉल्ट टाइमआउट) आणि मग 'डेटाबेस इज लॉक्ड'. फॉरेन कीचं पण असंच करून बघा, एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी सहसा बंदच असते, दर कनेक्शनला प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलणारी कमांड) देऊन चालू करावी लागते, नाहीतर तुम्ही एक्सेप्ट लिहून वाट बघताय आणि एरर येतच नाही.

आता रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे घेणं, इथेच जास्त लोक अडकतात. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधली (एकत्र पक्क्या होणाऱ्या क्वेऱ्यांच्या गठ्ठ्यातली) एक क्वेरी फेल झाली की पुढच्या सगळ्या 'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड' म्हणत परत येतात, रोलबॅक करेपर्यंत. मग लोक त्या शेवटच्या एररच्या मागे लागतात, खरा दोष वर कुठेतरी असतो, लॉगमधला पहिला एरर बघा. विथ कनेक्शन वापरलं तर रोलबॅक आपोआप होतो, पण ट्राय विथच्या बाहेर हवा. आत पकडलात तर विथला एरर कळतच नाही, आणि एसक्यूलाइटमध्ये अर्धवट झालेलं काम बिनबोभाट कमिट (पक्कं) होतं. आणि हो, विथ संपलं म्हणून एसक्यूलाइट आणि सायकोपीजी २ मध्ये कनेक्शन बंद होत नाही, क्लोज वेगळं करा.

रिट्राय करताना शेवटची क्वेरी नाही, अख्खं ट्रान्झॅक्शन परत चालवायचं, दरवेळी थोडं जास्त थांबून, आणि तीन-चार वेळात नाही जमलं तर एरर वर फेकायचा. कमिट करतानाच कनेक्शन तुटलं तर मात्र अवघड, कमिट झालं की नाही ते आपल्या बाजूने कळत नाही, डोळे झाकून परत चालवलं तर पेमेंटची रो दोनदा पडू शकते. त्यासाठी ऑर्डरला आधीच स्वतःचा युनिक नंबर द्या, मग दुसऱ्यांदा इन्सर्ट केल्यावर २३५०५ आला तर आधीचं कमिट झालेलं होतं असं समजायचं.