स्प्रिंगला टांगलेले वस्तुमान आणि आवर्तकाल: प्रयोग कसा करावा

स्प्रिंगला टांगलेले वस्तुमान चौपट केले की तिचा आवर्तकाल (एका दोलनाला, म्हणजे एकदा वरखाली होऊन परत यायला, लागणारा वेळ) दुप्पट व्हावा, असे पाठ्यपुस्तकातले साधे सूत्र सांगते. प्रत्यक्ष मोजणीत मात्र तो दुपटीपेक्षा थोडा कमी भरतो. हा फरक स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे पडतो आणि तो आलेखातून नेमका शोधता येतो, म्हणून हा प्रयोग केवळ सूत्र पडताळण्यापुरता करू नये.

१०० ग्रॅम टांगल्यावर सुमारे ५ सेंटिमीटर ताणली जाणारी, म्हणजे साधारण २० न्यूटन प्रति मीटर बल स्थिरांक (स्प्रिंग एक मीटर ताणायला लागणारे बल) असलेली स्प्रिंग सोयीची असते. ती टांगण्यापूर्वी तिचे आणि हँगरचे (वजने ठेवण्याच्या आकड्याचे) वस्तुमान तराजूवर मोजून वहीत लिहून ठेवावे. स्टँड जड बैठकीचा असावा किंवा त्याच्या तळावर वजन ठेवावे, कारण स्टँड हलू लागला तर स्प्रिंगची ऊर्जा त्यात जाते आणि आवर्तकालही बदलतो. सर्वांत कमी वजन टांगलेले असतानाही स्प्रिंगचे वेढे एकमेकांपासून सुटलेले दिसले पाहिजेत.

वजन सरळ खाली २ सेंटिमीटर ओढून, धक्का न देता सोडावे. आयामाचा, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराचा, आवर्तकालावर परिणाम होत नसला, तरी वजनामुळे स्प्रिंग मुळात जितकी ताणली गेली आहे त्याहून जास्त आयाम दिल्यास वरच्या टोकाला वेढे एकमेकांवर आपटतात आणि खाचेची वजने हँगरवरून उडतात.

खरी काळजी वेळ मोजताना घ्यावी लागते. स्टॉपवॉच दाबण्यात माणसाकडून सुमारे ०.२ सेकंदाचा फरक सहज पडतो; अर्ध्या सेकंदाचे एकच दोलन मोजले तर ही चूक ४० टक्के होते, तर २० दोलनांच्या १० सेकंदांत ती २ टक्क्यांवर येते. खुणेची टाचणी समतोल स्थितीच्या पातळीवर लावावी. टोकाला वजन क्षणभर रेंगाळत असल्याने नेमका क्षण टिपता येत नाही, मध्यावरून मात्र ते सर्वाधिक वेगाने जाते. वजन खाली जाताना टाचणी ओलांडेल तेव्हा ‘शून्य’ म्हणून घड्याळ सुरू करावे आणि त्याच दिशेने पुन्हा ओलांडल्यावर ‘एक’ म्हणावे. प्रत्येक वस्तुमानासाठी तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

काही वजनांना स्प्रिंग सरळ वरखाली होता होता आपोआप झोक्यासारखी आडवी हलू लागते. स्प्रिंगची वाढ तिच्या मूळ लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असली की वरखाली होण्याचा आवर्तकाल लंबकासारख्या झोक्याच्या आवर्तकालाच्या निम्मा होतो, आणि ऊर्जा एका हालचालीतून दुसरीत जाऊ लागते. असे वजन सरळ वगळून शेजारचे घ्यावे.

आता आलेख. आवर्तकाल थेट वस्तुमानासमोर मांडला तर वक्ररेषा येते आणि तिच्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. म्हणून उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग घ्यावा. २० न्यूटन प्रति मीटर बल स्थिरांकाच्या आणि ६० ग्रॅमच्या स्प्रिंगसाठी गणिताने १००, २००, ३००, ४०० आणि ५०० ग्रॅमला अनुक्रमे ०.४९, ०.६६, ०.७९, ०.९१ आणि १.०१ सेकंद मिळतात. १०० वरून ४०० ग्रॅमवर गेल्यास आवर्तकाल सुमारे १.८७ पटच होतो. वर्ग मात्र दर १०० ग्रॅमला जवळजवळ ०.१९७ने वाढतात, म्हणजे बिंदू सरळ रेषेत येतात. तिचा चढ १.९७ सेकंद वर्ग प्रति किलोग्रॅम असतो. पायच्या (π) वर्गाच्या चौपटीला, म्हणजे ३९.५ला, या चढाने भागले की बल स्थिरांक मिळतो.

ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही, आणि पट्टी सरकवून ती तिथून नेण्याचा मोह आवरावा. ती मागे वाढवली तर वस्तुमानाच्या अक्षाला उणे २० ग्रॅमवर, म्हणजे स्प्रिंगच्या वस्तुमानाच्या एक तृतीयांशावर छेदते. वरचे वेढे जवळजवळ स्थिर आणि खालचे पूर्ण वेगाने हलत असल्यामुळे गतिज ऊर्जेत स्प्रिंगचा फक्त एक तृतीयांश भाग मोजला जातो; टांगलेले वस्तुमान स्प्रिंगपेक्षा बरेच मोठे असेल तेव्हा हा अंदाज चांगला लागू पडतो.

शेवटी त्याच वजनांनी स्प्रिंग किती ताणली जाते ते मोजपट्टीने मोजून बल स्थिरांक दुसऱ्या रीतीने काढावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर चूक कुठे आहे हे आलेखच सुचवतो. हँगरचे वस्तुमान धरायचे राहिले असेल तर चढ बरोबर येतो, पण छेदबिंदू नेमका तेवढ्या ग्रॅमने उणे बाजूला सरकतो. मोजणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून सुरू झाली असेल तर १९ दोलनांची वेळ २० दोलनांची म्हणून लिहिली जाते, छेदबिंदू जागेवरच राहतो, पण दोलनांवरून काढलेला बल स्थिरांक सुमारे ११ टक्के जास्त येतो.