शेवटचा टीटी कधी, आणि एकूण किती?

बेळगावात कॅज्युअल्टीला पहिली पोस्टिंग लागली तेव्हा धनुर्वाताबद्दल मला एवढंच येत होतं: जखम दिसली की टीटी मारा. पेशंटही त्यातच खूश. आपल्याकडं टाका नाही घातला तरी चालतं, टीटी नाही मारला तर तो डॉक्टर कसला! 'सहा महिने झाले, परत मारा की' हे तर रोज दोघंतिघं ऐकवतात.

ऊसतोडीच्या हंगामात खानापूर तालुक्यातले एक काका आले, साठी उलटलेले. कोयता निसटून नडगीवर बसला होता. टॉवेल सोडला तर आत हळद, हळदीखाली माती, आणि कडेला चिकटलेलं बोटभर पाचट. मी विचारलं, "टीटी घेतलाय का मागं?"

"घेतलाय की. गेल्या साली खिळा लागल्याला तवा."

पाच वर्षांच्या आत आहे, गरज नाही, असं मी केसपेपरवर लिहून मोकळा झालो. सीनियरनी कागद बघितला आणि काकांनाच विचारलं, "त्याच्या आधी कधी? शाळेत सुई टोचल्याली?"

"शाळेत गेलोय कुठं!"

म्हणजे उभ्या आयुष्यात एकच डोस, आणि मी त्यांना तसंच घरी धाडत होतो.

पाच आणि दहा वर्षांचं गणित पाठ असतं, पण ते कमीत कमी तीन डोस झालेल्यांसाठी आहे, हे मी विसरलो होतो. तीन झाले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसाला दहा वर्षं होऊन गेली असली तरच बूस्टर; माती, शेण, खोल भोसकलेली किंवा भाजलेली जखम असेल तर पाच. तिनापेक्षा कमी किंवा माहीतच नाही, तर लस द्यायचीच, आणि जखम घाण असेल तर वर टेटनस इम्युनोग्लोब्युलिन 250 युनिट, वेगळ्या सिरिंजनं, वेगळ्या जागी. लसीतून अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, इम्युनोग्लोब्युलिनमध्ये त्या आयत्या मिळतात. विष एकदा नसेला चिकटलं की त्या चिकटलेल्या विषावर दोन्हींचा उपयोग नाही. लक्षणं बहुतेक वेळा 3 ते 21 दिवसांत येतात, म्हणजे तुमची चूक तुमच्या ड्युटीत दिसत नाही.

टीटीच्या जागी सरकारी दवाखान्यात आता टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची लस येते, पण पेशंटला टीटीच म्हणा, नाहीतर वाद घालत बसतील.

खरं कौशल्य हिस्टरीत आहे. सार्वत्रिक लसीकरण देशात 1985 ला सुरू झालं, त्यामुळं पन्नाशी-साठीच्या पुरुषाला लहानपणचे डोस असतील हे गृहीत धरू नका. बायकांना 'किती बाळंतपणं, तेव्हा सुया किती?' असं विचारा, बरोब्बर आकडा सांगतात. तरण्या पोरांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या सुया आठवतात का बघा. आणि मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात, तेव्हा म्हाताऱ्याला 'मिलिटरीत होता का?' हेही विचारायचं. फौजेत लसी टोचलेल्या असतात. कानडी पेशंटपुरतं 'यावाग?' म्हणजे कधी आणि 'एष्टु?' म्हणजे किती, एवढं तरी शिकून घ्या. मी नुसतं पहिलंच शिकलो होतो.

ह्या सगळ्याच्या आधी जखम धुवा. भरपूर पाण्यानं, मेलेलं मांस काढून. जिवाणूला हवा नको असते, वरून घट्ट टाके घालून आपणच त्याची सोय करतो. अँटिबायोटिक लिहिलं म्हणून लस टळत नाही.

काकांना दोन्ही इंजेक्शनं दिली. खिळ्याच्या वेळचा डोस पहिला, आजचा दुसरा, तिसरा सहा महिन्यांनी, गावच्या पीएचसीत, असं मी केसपेपरवर ठळक लिहून समजावत होतो. काका मान हलवत म्हणाले, "मी तेच म्हणतोय की डॉक्टर, सहा महिन्यांनी मारायचा असतोय."

त्यांच्यापुरतं ते खरंच होतं.