स्केटबोर्डच्या डेकवर स्वतःचे चित्र रंगवताना

स्केटबोर्डवरचे चित्र भिंतीवरच्या चित्रासारखे वर्षानुवर्षे टिकावे, अशी अपेक्षा असलेल्याने या उद्योगात पडू नये. कठड्याच्या कडेवरून किंवा लोखंडी रेलिंगवरून बोर्ड घासत नेला, की डेकच्या, म्हणजे उभे राहायच्या लाकडी फळीच्या, खालच्या बाजूच्या मधल्या पट्ट्यातला रंग बघता बघता उडतो आणि टेल (मागचे टोक) जमिनीवर आपटून तिथले लाकूड उघडे पडते. त्यामुळे बोर्ड चालवायचा आहे की खोलीत टांगायचा आहे, हे आधी ठरवावे. चालवायचा असल्यास चेहरा, डोळे, अक्षरे असे चित्रातले महत्त्वाचे भाग ट्रकच्या, म्हणजे चाके धरणाऱ्या धातूच्या सांगाड्यांच्या, आसपास आखावेत आणि मधल्या पट्ट्यात खरचटले तरी वाईट न दिसणारी नक्षी किंवा सपाट रंग ठेवावा.

पाना व स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही ट्रकचे मिळून आठ बोल्ट काढावेत. डेक वर्तमानपत्रावर ठेवून त्याची बाह्यरेषा आणि बोल्टची छिद्रे उतरवून घ्यावीत, छिद्रांभोवती ट्रकच्या बेसप्लेटचा (फळीला टेकणाऱ्या तळपट्टीचा) आकारही आखावा आणि कच्चे चित्र त्याच कागदावर काढावे. माझ्या पहिल्या डेकवर मी मोठ्या हौसेने कोंबडा रंगवला होता. ट्रक बसवल्यावर डोके आणि तुरा बेसप्लेटखाली गेला आणि दिसायला उरले ते फक्त पाय व शेपटी.

खरी मेहनत घासकामाची आहे. आजकालच्या बहुतेक तयार डेकवरचे चित्र उष्णतेने चिकटवलेल्या पातळ प्लास्टिकच्या थराचे असते आणि त्यावर थेट लावलेला रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो. हा थर ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा, मग १५० आणि शेवटी २२० नंबरचा कागद फिरवावा. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे नोजकडून (पुढच्या टोकाकडून) टेलकडे चालवावा. आडवे घासल्यास पडणारे ओरखडे रंगाखालूनही दिसतात. डेक साधारणपणे मेपलच्या सात पातळ थरांचा असतो आणि एकेक थर जेमतेम दीड मिलिमीटरचा असल्याने, वरचे चित्र निघाले की हात आवरावा. घासताना नाकावर मास्क हवाच. नंतर ओलसर फडक्याने धूळ पुसून डेक पूर्ण वाळू द्यावा, छिद्रांत कागदाचे बोळे खोचावेत आणि कडेला मास्किंग टेप लावावी, म्हणजे रंगाचे ओघळ वरच्या ग्रिप टेपपर्यंत (पाय घसरू नये म्हणून लावलेल्या खरखरीत पट्टीपर्यंत) जाणार नाहीत.

प्रायमर म्हणून पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात पुरतात. लाकडाचा मूळ रंग चित्रात हवा असेल, तर प्रायमरऐवजी पारदर्शक सीलर लावावा. त्यावर कार्बन पेपरने चित्र उतरवून घ्यावे, आधी मोठे सपाट भाग भरावेत आणि काळ्या बाह्यरेषा पेंट मार्करने सर्वांत शेवटी काढाव्यात. नोज व टेल वर वळलेली असल्याने तिथले आकार समोरून आखूड दिसतात. ते कागदावरच्यापेक्षा थोडे लांबट काढावेत.

पारदर्शक कोटाच्या वेळी घाई नडते. चित्र किमान एक रात्र वाळू द्यावे. मार्करची शाई काही स्प्रे लॅकरमध्ये पसरते, म्हणून त्याच मार्करची रेघ फळीच्या तुकड्यावर ओढून त्यावर आधी फवारून पाहावे. छिद्रातून तार ओवून डेक उभा टांगावा आणि सुमारे २५ सेंटीमीटरवरून, मोकळ्या हवेत, तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड थर चमकतो खरा, पण पहिल्याच धक्क्याला त्याचे टवके उडतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे, कारण दमट हवेत लॅकरवर दुधी झाक येते आणि गडद रंग पार फिके दिसू लागतात. कोरडा दिवस मिळेपर्यंत डेक तसाच थांबलेला बरा.

शेवटच्या हातानंतर निदान दोन दिवस ट्रक बसवू नयेत. वरून कोरडा वाटणारा थर बेसप्लेटच्या दाबाखाली मऊ निघाला, तर पुढच्या वेळी ट्रक काढताना चित्राचा तेवढा चौकोन त्याच्यासोबत निघून येतो.